पीआयडीचा आकडा म्हणजे जीसी-एमएसचा रिपोर्ट नव्हे

पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी गळली, की आजूबाजूच्या मातीत बेन्झीन, टोल्युइन ही पेट्रोलमधली रसायनं उतरतात. तपासणीला आलेला माणूस खड्ड्यातली माती झिपच्या पिशवीत अर्धी भरतो, ढेकळं फोडतो, थोडं थांबतो आणि पीआयडी मीटरचं, म्हणजे हवेतली रसायनांची वाफ मोजणाऱ्या हातातल्या यंत्राचं, टोक आत खुपसतो. समजा, आकडा आला १८० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १८० भाग). वहीत नोंद होते: ‘बेन्झीन १८०’. ही नोंद चुकीची आहे, आणि तिच्यावर पुढचे निर्णय होतात म्हणून मला ती फार खटकते.

पीआयडीत अतिनील दिवा असतो, बहुतेकदा १०.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा. त्या प्रकाशाने ज्या रेणूंचा इलेक्ट्रॉन सुटतो, त्या सगळ्यांचा मिळून एकच आकडा येतो, तोही आयसोब्युटिलीनच्या, म्हणजे ज्या वायूवर मीटर जुळवलेला असतो त्याच्या मापात. तो पिशवीतल्या हवेचा आकडा, मातीचा नाही. शून्य आलं तरी निर्धास्त राहू नका. इलेक्ट्रॉन सुटायला क्लोरोफॉर्मला ११.३७ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, कार्बन टेट्राक्लोराइडला ११.४७. हा दिवा त्यांच्यापुढे आंधळा. तरीही मीटर हवाच, कारण कुठल्या खोलीवरची माती लॅबला धाडायची हे तो जागच्या जागी सांगतो.

जीसी-एमएस हे लॅबमधलं यंत्र. केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून वाफ सोडली की एकेक रसायन आपापल्या वेळेला बाहेर पडतं. मग त्याचे तुकडे करून त्यांच्या वजनांवरून ओळख पटवली जाते. नाव आणि प्रमाण, दोन्ही मिळतं. पण पिशवीत हलवलेली माती इथे पाठवू नका, त्यातलं बरंचसं उडून गेलेलं असतं. ताजी पाचेक ग्रॅम माती तिथल्या तिथे मिथेनॉलच्या बाटलीत टाकायची आणि झाकण घट्ट लावायचं.

झाडांच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक होतो. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हर साइटवर दूषित भूजलावर वाढलेल्या झाडांच्या खोडात ट्रायक्लोरोइथिलीन (यंत्रांचं ग्रीस काढायचं द्रावक) सापडलं, ते संशोधन १९९९ साली प्रसिद्ध झालं. मुळांनी पाण्याबरोबर ते वर ओढलं होतं. खोडात पोकळ गिरमिट फिरवून पेन्सिलीएवढी लाकडाची कांडी काढायची आणि लगेच बाटलीत बंद करायची. पण चीड-पाइनच्या लाकडाला स्वतःचाच वास असतो, पाइनीनचा. पीआयडीला तोही दिसतो आणि ट्रायक्लोरोइथिलीनही. आकडा मात्र एकच. जीसीच्या आलेखावर ट्रायक्लोरोइथिलीनचं शिखर आधी येतं, पाइनीनचं बऱ्याच वेळाने.