लष्कर आणि ब्रदरहूड : इजिप्तमधलं जुनं सूत

3 जुलै 2013 रोजी लष्करप्रमुख जनरल अब्दुल फत्ताह अल-सिसी यांनी टीव्हीवरून मुस्लिम ब्रदरहूडचे राष्ट्राध्यक्ष मोहम्मद मोर्सी यांची हकालपट्टी जाहीर केली. त्याकडे लष्कर आणि ब्रदरहूड या दोन कट्टर वैऱ्यांची लढाई म्हणून पाहिलं गेलं. पण हे वैरी आधी दोनदा एकाच पंगतीत बसले होते.

मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामवादी संघटनेची स्थापना 1928 मध्ये सुएझ कालव्याकाठच्या इस्माइलियात हसन अल-बन्ना या शिक्षकाने केली. जुलै 1952 मध्ये राजा फारूखला हटवणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांचे या संघटनेशी आधीपासून संबंध होते. जानेवारी 1953 मध्ये सगळे राजकीय पक्ष बरखास्त झाले, ब्रदरहूड तेवढी वाचली. का, तर ती धार्मिक संस्था! इतर पक्षांचं काय झालं, याचं तिने फारसं मनावर घेतलं नाही.

ही सवलत वर्षभर टिकली. फेब्रुवारी 1954 मध्ये या लष्करी अधिकाऱ्यांचे दोन नेते, नासर आणि राष्ट्राध्यक्ष नजीब, यांच्यातला झगडा उघडा पडला. नजीब यांच्या बाजूने आबदीन राजवाड्यासमोर जमलेल्या लोटाला ब्रदरहूडचे नेते अब्दुल कादिर औदा यांनी शांत करून घरी पाठवलं. इतका जमाव एका शब्दावर हलवणारा माणूस नासर यांच्या डोळ्यांत न खुपता तरच नवल. ऑक्टोबरमध्ये अलेक्झांड्रियात नासर यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, ठपका ब्रदरहूडवर आला आणि डिसेंबरमध्ये सहा जणांना फाशी झाली. औदा त्यातले एक. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या सादात यांनी ब्रदरहूडच्या लोकांना तुरुंगातून सोडलं, तेही डाव्यांना शह द्यायला. सादात यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष मुबारक यांच्या काळात अपक्ष म्हणून लढून 2005 मध्ये ब्रदरहूडच्या लोकांनी संसदेत 88 जागा मिळवल्या.

फेब्रुवारी 2011 मध्ये जनआंदोलनामुळे मुबारक यांची सत्ता गेली आणि सत्ता फील्ड मार्शल तंतावी यांच्या लष्करी परिषदेकडे आली. कैरोच्या तहरीर चौकात आंदोलन केलेल्या तरुणांना आधी राज्यघटना हवी होती. संघटना तयार असलेल्या ब्रदरहूडला आधी निवडणूक हवी होती. लष्करालाही तेच सोयीचं वाटलं. घटनादुरुस्तीवरच्या मार्चच्या सार्वमतात 77 टक्के मतं या दोघांच्या बाजूने पडली. नोव्हेंबरमध्ये मोहम्मद महमूद रस्त्यावर पोलीस आंदोलकांवर गोळ्या झाडत होते, तेव्हा ब्रदरहूड निवडणुकीच्या तयारीत होती. तरुणांनी ते कधी माफ केलं नाही.

जून 2012 मध्ये कोर्टाच्या निकालाचा आधार घेऊन लष्कराने ब्रदरहूडचं वर्चस्व असलेली संसद बरखास्त केली. त्याच महिन्यात मोर्सी सुमारे 51.7 टक्के मतं मिळवून राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. ऑगस्टमध्ये सिनाईत 16 सैनिक मारले गेले, ती संधी साधून त्यांनी तंतावींना घरी बसवलं आणि सिसींना संरक्षणमंत्री केलं. लष्कर मुठीत आलं, असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात डिसेंबरमध्ये त्यांच्याच राज्यघटनेने लष्कराला हवं ते देऊन टाकलं : संरक्षणमंत्री लष्करी अधिकारीच असेल, लष्कराचा अर्थसंकल्प संरक्षण परिषदेत चर्चिला जाईल, नागरिकांवरही काही प्रकरणांत लष्करी कोर्टात खटला चालेल. बदल्यात संरक्षण मिळेल, हा हिशेब चुकला. 30 जून 2013 ला लाखो लोक मोर्सींविरुद्ध रस्त्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या बाजूने उभं राहायला चौकातले जुने सोबती नव्हते.

14 ऑगस्टला मोर्सी समर्थक ठाण मांडून बसलेल्या कैरोच्या राबिया अल-अदविया चौकात सुरक्षा दलांनी किमान 817 जणांना मारल्याची नोंद ह्यूमन राइट्स वॉचने केली. डिसेंबरमध्ये ब्रदरहूड दहशतवादी संघटना ठरली. 2014 च्या राज्यघटनेने मोर्सींच्या काळातल्या लष्कराच्या सवलती कायम ठेवल्या, वर संरक्षणमंत्र्याच्या नेमणुकीला दोन अध्यक्षीय कार्यकाळांपर्यंत लष्करी परिषदेची संमती सक्तीची केली आणि धर्माच्या पायावर पक्ष काढायला बंदी घातली.