खारदलदलीच्या डबक्यांतील जलकीटक

खारदलदलीतल्या ज्या उथळ खळग्यांत ओहोटीनंतरही पाणी साचून राहते, त्यांत वाढणारे कीटक. दलदलीच्या खालच्या अंगाचे खळगे रोजच्या भरतीने धुतले जातात. वरच्या अंगाला मात्र अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचेच पाणी पोहोचते. मधल्या दिवसांत कडक ऊन पडले, की समुद्राइतकी, म्हणजे लिटरला सुमारे 35 ग्रॅम असलेली क्षारता 100 च्याही पुढे जाते, आणि एका मुसळधार पावसात पाणी जवळजवळ गोडे होते. नुसत्या खारेपणापेक्षा हा चढउतार सोसणे अवघड. त्यामुळे मेफ्लाय, स्टोनफ्लाय हे गोड्या पाण्यात वाढणारे कीटक इथे जवळपास सापडत नाहीत. डास, क्षारमाश्या (एफिड्रा), कायरोनोमिड (डासासारखे दिसणारे, न चावणारे कीटक), काही भुंगेरे आणि वल्ह्यासारख्या पायांचे कोरिक्सिड हे पाणढेकूण टिकतात. चतुरांपैकी अमेरिकी किनाऱ्यावरचा एरिथ्रोडिप्लॅक्स बेरेनिस हा ठळक अपवाद.

एडिस टेनिओऱ्हिंकस डासाची अळी खारे पाणी सतत पिते आणि जादा क्षार गुदाशयाच्या मागच्या भागातून बाहेर टाकते. गोड्या पाण्यातल्या अळ्यांची गुदकल्ले (गुदद्वाराजवळची, पाण्यातले क्षार शोषणारी अंगे) मोठी असतात, हिची अगदी लहान. रात्री शेवाळाच्या श्वसनामुळे पाण्यातला ऑक्सिजन संपत येतो. पण डासाची अळी, भुंगेरे व कोरिक्सिड वरची हवा घेत असल्याने त्यांचे फारसे अडत नाही. तळातल्या कायरोनोमस अळ्यांच्या मदतीला ऑक्सिजन धरून ठेवणारे हिमोग्लोबिन असते.

एडिस टेनिओऱ्हिंकससारखे खारदलदलीतले डास अंडी ओल्या चिखलावर घालतात. अंडी कोरडी राहूनही जगतात आणि उधाण आले की एकदम फुटतात. उन्हाळ्यात आठवडाभरात प्रौढ डास उडतात. कायम पाणी असलेल्या डबक्यात मासे अळ्या फस्त करतात, म्हणून डास वाढतात ते मधूनमधून सुकणाऱ्या खळग्यांत. विसाव्या शतकात अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर डासनिर्मूलनासाठी पाणी काढून टाकणारे चर सरसकट खणले गेले. त्यात माशांची डबकीही आटली, आणि ही चूक महागच म्हणायची. पुढे खळगे खोल करून किंवा खाडीला जोडून मासे आत आणण्याची पद्धत आली.

नमुना घेताना 0.5 मिलिमीटर छिद्रांची जाळी वापरावी; लहान अळ्या तरीही निसटतात. पावसानंतर गोडे पाणी वर तरंगते, तेव्हा क्षारता पृष्ठभागाला व तळाला वेगवेगळी मोजावी. चिखल जाळीतच चाळून मग नमुना 70 टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावा, कारण गाळातले पाणी अल्कोहोल पातळ करते आणि अळ्या कुजतात.