मोनो एका रुळावर तोल सांभाळत धावत नाही

‘मोनो म्हणजे एकच रूळ, म्हणजे वळणावर कलंडणार’ ही समजूत मुंबईत 2014 मध्ये मोनोरेलचा चेंबूर-वडाळा टप्पा सुरू झाल्यापासून ऐकू येते. मुळात इथे लोखंडी रूळच नाही. काँक्रीटची तुळई आहे, सुमारे 80 सेंटिमीटर रुंद, आणि गाडी तिच्यावर खोगिरासारखी बसते. वजन पेलणारी रबरी चाके वरच्या पृष्ठभागावर. शिवाय दोन्ही कुशींना आडवी चाके तुळईला दाबून धरतात: वरची दिशा देतात, खालची कलणे रोखतात. फलाटावरून डब्यांचे ‘घागरे’ खाली लोंबताना दिसतात ना, ही चाके त्यांच्याच आड असतात.

खरी अडचण वजनाची. वीज तुळईच्या कुशीतल्या पट्टीवरून घासत्या संपर्काने मिळते. 19 ऑगस्ट 2025 ला मुसळधार पावसात गर्दी उसळली, 104 टनांची मर्यादा असलेली गाडी सुमारे 109 टनांवर गेली. त्या जादा वजनाने तो संपर्क तुटला आणि गाडी म्हैसूर कॉलनी स्थानकाजवळ थबकली. प्रवाशांना अग्निशमन दलाने शिड्या लावून उतरवले. त्या दिवशी गाडी थोडी कललेली दिसली खरी, पण तुळईवरून सुटली नव्हती.