‘ते ऑपरेशन झालं की सगळं संपतं’: एका समजुतीचा मागोवा

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिकोडी, खानापूरच्या गावांत लघवी तुंबल्यामुळे झालेली कुठलीही शस्त्रक्रिया ‘प्रोस्टेटचं ऑपरेशन’ म्हणूनच ओळखली जाते. प्रोस्टेट म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. वयामुळे तिची वाढलेली गाठ दुर्बिणीतून खरवडली, तरी तेच नाव; कॅन्सरसाठी अख्खी ग्रंथी काढली, तरी तेच. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर लिंगाची ताठरता बहुधा टिकते, दुसरीत ती जाण्याचा धोका मोठा असतो. पण पारावर एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर जातं आणि सगळ्यांना एकच वाक्य ऐकू येतं: ते ऑपरेशन झालं की पुरुषाचं सगळं संपतं.

हे वाक्य एकेकाळी जवळजवळ खरं होतं. कॅन्सरसाठी संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया 1904 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी केली. पुढची सात-आठ दशकं जीव वाचला की ताठरता जाणारच, असं डॉक्टरही धरून चालत. रक्तस्राव इतका व्हायचा की आत नीट दिसत नसे आणि ताठरतेच्या नसा ग्रंथीच्या आतूनच जातात, असाच समज होता.

तो समज 1981 मध्ये हॉलंडमधल्या लायडन इथं मोडला. निवृत्त प्राध्यापक पीटर डोंकर मृत जन्मलेल्या अर्भकाच्या शरीरातल्या नसा उलगडत होते. अमेरिकेचे शल्यचिकित्सक पॅट्रिक वॉल्श तिथं गेले होते. नसा ग्रंथीच्या आतून नव्हे, दोन्ही बाजूंना बाहेरून जातात, हे दोघांना दिसलं. 1982 च्या एप्रिलमध्ये वॉल्श यांनी त्या जाणीवपूर्वक राखून शस्त्रक्रिया केली. म्हणजे आज सत्तरीत असलेल्या आपल्या माणसांनी तरुणपणी जे ऐकलं, ते या शोधाच्या आधीचं.

अर्थात नसा राखल्या म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं पूर्ववत होत नाही. त्या फार नाजूक असतात; हात लागला, ताण बसला की बधिर होतात आणि जागं व्हायला दीड-दोन वर्षंही घेतात. कॅन्सर नसांपर्यंत पोचला असेल, तर त्या काढाव्याच लागतात. तिथं जीव आधी. वय आणि मधुमेह हेही आड येतात.

उपायांचा इतिहासही याच काळातला. लिंगाच्या आत बसवायचं, फुगवता येणारं कृत्रिम रोपण 1973 मध्ये आलं. 1983 मध्ये लास वेगासच्या परिषदेत ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी स्वतःला ताठरता आणणारं इंजेक्शन टोचून त्याचा परिणाम भर सभेत दाखवला. 1998 मध्ये सिल्डेनाफिलची (व्हायग्रा) गोळी आली. ती नसेकडून येणारा इशारा बळकट करते. इशाराच नसेल, तर काय बळकट करणार? म्हणून ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यांत ती बरेचदा चालत नाही आणि माणूस ‘झालं, संपलंच’ म्हणून हाय खातो. इंजेक्शन आणि हवा ओढून ताठरता आणणारा व्हॅक्यूम पंप यांना नसेची गरज लागत नाही, हे त्याला तेव्हाच कळायला हवं. छातीत दुखल्यावर जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्यांनी सिल्डेनाफिल मुळीच घेऊ नये. मर्दानी ताकदीच्या जाहिराती बघून आणलेल्या पुड्यांचा मला राग येतो तो यासाठीच. त्यांत काय मिसळलंय, कुणाला ठाऊक!

या विषयावर मराठीत बोलायची सोय नव्हती, असंही नाही. र. धों. कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक विषयांवरचं मासिक सुरू केलं, खटले सोसले आणि ते 1953 पर्यंत चालवलं. पण बेळगावच्या तपासणी-खोलीत अडचण वेगळी असते. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टरांचं बोलणं पुष्कळदा कन्नडमध्ये नाहीतर हिंदीत, पेशंट मराठी आणि दुभाषा म्हणून उभा असतो मुलगा किंवा जावई. साठी-सत्तरीचे बाबा पोराच्या देखत काय विचारणार? ‘दोन्ही बाजूंच्या नसा राखता येतील का?’ हा ऑपरेशनआधीचा प्रश्न तोंडातच राहतो.

आणखी एक गोष्टही राहून जाते. स्पर्शाची जाणीव वेगळ्या नसेकडे असते. त्यामुळे वीर्य येत नसलं, ताठरता नसली, तरी सुखाचा क्षण येऊ शकतो. हे नवराबायको दोघांनाही सांगायला हवं. पण बायको बहुतेक वेळा बाहेरच्या बाकावर औषधांची पिशवी धरून बसलेली असते.