विल्किन्सन की रेझिस्टिव्ह? डिव्हायडर ओळखायचा कसा, निवडायचा कसा

डिव्हायडर म्हणजे एक सिग्नल दोन ठिकाणी वाटून देणारी पेटी. तिच्यावर नुसतं 'डिव्हायडर' लिहिलेलं असेल तर आधी मल्टिमीटर लावा. ५० ओहमच्या पेटीत कुठल्याही दोन सॉकेटांच्या मधल्या पिनांमध्ये ३३ ओहमच्या आसपास आले, की आत रेझिस्टिव्ह डिव्हायडर आहे: १६.७ ओहमचे तीन रेझिस्टर, एका बिंदूला जोडलेले. जवळपास शून्य आलं तर विल्किन्सन (पाव तरंगलांबीच्या केबलच्या दोन तुकड्यांनी सिग्नल वाटणारा) किंवा ट्रान्सफॉर्मरवाला. विल्किन्सनच्या दोन आउटपुटांमधला १०० ओहमचा रेझिस्टर मीटरला दिसत नाही, कारण केबलच्या तारेने ती टोकं आधीच जोडलेली असतात.

नाशिकमध्ये गच्चीवरच्या एका अँटेनावर दोन रिसीव्हर लावून आकाशवाणीचं १०१.४ मेगाहर्ट्झ ऐकायचं, तर रेझिस्टिव्ह पुरतो. प्रत्येक शाखेला ६ डेसिबल कमी, म्हणजे पाव शक्ती मिळते, अर्धी शक्ती रेझिस्टरांतच जिरते; पण शहरात सिग्नल दणकट असतो. शिवाय तो सगळ्या बँडना चालतो. त्र्यंबकच्या बाजूला डोंगराआड सिग्नल आधीच क्षीण असेल, तिथे विल्किन्सनच घ्या: तोटा ३ डेसिबलच्या (म्हणजे निम्म्या शक्तीच्या) थोडा वर.

विल्किन्सन घरी बनतो. पाव तरंगलांबीचे ७०.७ ओहमचे दोन तुकडे लागतात. ७५ ओहमची केबल चालते. १०१.४ ला पाव तरंग ७३.९ सेंटिमीटर; केबलमध्ये सिग्नल हळू जातो, म्हणून भरीव पॉलिथिनच्या केबलला ०.६६ ने गुणून ४८.८. हाच आकडा टीव्हीच्या फोमवाल्या आरजी-६ ला लावला की गणित फसतं. तिचा गुणक ०.८२ धरला तर ६०.६ येतात. आपल्या केबलचा गुणक पाहूनच कापा. आणि हा डिव्हायडर त्याच बँडपुरता: दुप्पट वारंवारतेला, २०३ च्या आसपास, मॅचिंग (ओहमचा मेळ) आणि आयसोलेशन (दोन आउटपुटांचा एकमेकांपासूनचा अलगपणा) दोन्ही जातात.

डिव्हायडर कंबायनर म्हणून, म्हणजे दोन सिग्नल एकत्र करायला उलटा वापरताना खरी काळजी घ्यायची. एकाच सिग्नलचे, एकाच फेजमधले (लाटा तंतोतंत जुळलेले) दोन ॲम्प्लिफायरचे १०-१० वॅट विल्किन्सनमध्ये २० होतात, १०० ओहमचा रेझिस्टर थंड राहतो. एक ॲम्प्लिफायर बंद पडला की आउटपुट १० नव्हे, ५ वॅटवर येतं. उरलेले ५ रेझिस्टरमध्ये. दोन वेगळ्या वारंवारता असतील तर दोघांचीही अर्धी शक्ती तिथेच जळते, म्हणजे सतत १० वॅट. पाव वॅटचा रेझिस्टर क्षणात काळा पडेल. रेझिस्टिव्ह इथे नकोच: आयसोलेशन फक्त ६ डेसिबल, एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये शिरून नको त्या वारंवारता तयार होतात.

विल्किन्सनचा हा १०० ओहमचा रेझिस्टर वायरवाउंडही (तार गुंडाळून केलेला) नको. त्याचं वेटोळं या वारंवारतेला इंडक्टरसारखं वागतं.