लिंगशैथिल्य

समागमासाठी पुरेशी ताठरता शिश्नाला वारंवार न येणे किंवा आलेली न टिकणे. एखाद्या रात्रीचे अपयश म्हणजे हा विकार नव्हे. शीघ्रपतन आणि वंध्यत्व यांच्याशी त्याची गल्लत होते; प्रत्यक्षात अशा पुरुषाचे वीर्य निर्दोष असू शकते.

आयुर्वेदात याचा विचार ‘क्लैब्य’ या नावाखाली येतो. चरकसंहितेत (चिकित्सास्थान, अध्याय 30) बीजोपघातज (बीज म्हणजे वीर्य बिघडल्याने), ध्वजभंगज (शिश्नाच्या विकाराने), जराजन्य (वार्धक्याने) व शुक्रक्षयज (शुक्र घटल्याने) असे चार प्रकार आहेत. पण चिकित्सास्थानातील 17 अध्याय या ग्रंथाचा नंतरचा संपादक दृढबल याने भरून काढले, अशी नोंद याच अध्यायाच्या अखेरीस आहे. ते 17 कोणते, याबद्दल हस्तलिखित परंपरांत एकमत नाही. तरी हा अध्याय बहुधा त्यांतलाच असावा. दृढबलाचा काळ सामान्यतः इ. स. चौथे-पाचवे शतक धरतात, म्हणून हे वर्गीकरण थेट चरकाच्या नावावर घालणे धाडसाचे ठरते. सुश्रुतसंहितेत (चिकित्सास्थान, अध्याय 26) सहा प्रकार असून मानसिक क्लैब्य स्वतंत्र मानले आहे. ही मांडणी आजच्या विचाराला अधिक जवळची वाटते.

विसाव्या शतकात बराच काळ बहुतेक रुग्णांचे दुखणे मनाचे समजले जाई. फ्रेंच शल्यविशारद रोनाल्ड विराग यांनी 1982 मध्ये पापाव्हेरीन या रक्तवाहिन्या सैलावणाऱ्या औषधाच्या शिश्नातील इंजेक्शनचा परिणाम नोंदवला. 1983 मध्ये लास व्हेगास येथील परिषदेत ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी स्वतःला इंजेक्शन टोचून आलेली ताठरता श्रोत्यांना दाखवली. कामोत्तेजना नसतानाही औषधाने ताठरता येते, हे त्यातून उघड झाले. उत्तेजनेच्या वेळी मज्जातंतू आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, त्यामुळे पेशींतील सीजीएमपी हे निरोप्या रसायन वाढते, शिश्नातील स्नायू सैलावतात, रक्त आत भरते आणि बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. मधुमेह, उच्च रक्तदाब, धूम्रपान यांनी हेच अस्तर बिघडते. शिश्नाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांहून बारीक असल्याने रक्तवाहिन्यांच्या बिघाडाचे लक्षण तिथे आधी दिसते, असे एक मत आहे. ते सर्वमान्य नसले, तरी या तक्रारीसाठी आलेल्या रुग्णाचे हृदय तपासणे इष्टच. चिंता, नैराश्य, काही औषधे आणि टेस्टोस्टेरॉनची कमतरता हीही कारणे आहेत. पहाटेची ताठरता टिकून असेल, तर कारण मानसिक असण्याची शक्यता वाढते.

उपचारात सवयी बदलणे, समुपदेशन आणि पीडीई-5 (सीजीएमपी मोडणारे विकर) रोखणाऱ्या गोळ्या प्रथम येतात. त्यांपैकी सिल्डेनाफिल मुळात हृदयशूळासाठी (हृदयाला रक्त कमी पडून छातीत उठणाऱ्या कळेसाठी) तपासले जात होते. अमेरिकेत त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली. गोळ्यांचा उपयोग न झाल्यास निर्वात पंप, इंजेक्शन किंवा शस्त्रक्रियेने बसवायचे रोपण हे पर्याय उरतात. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने सिल्डेनाफिल घेऊ नये, कारण रक्तदाब एकदम घसरून जिवावर बेतू शकते. ‘वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक कॅप्सूलांत सिल्डेनाफिल न सांगता मिसळल्याचे अनेक देशांतील औषध नियंत्रकांना आढळले आहे, आणि वेष्टनावर नावच नसल्याने हृदयरोग्याला हा धोका कळण्याची सोय नसते.