आइस डान्सची हंगामी अंतिम स्पर्धा : पात्रतेच्या गणितामागचा इतिहास

नरकासुराच्या रात्रीच्या आगेमागे सुरू होणारी आणि जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या सुमारास अंतिम स्पर्धेपर्यंत पोहोचणारी फिगर स्केटिंगची ग्रां प्री मालिका गोव्यात पाहणारे लोक थोडे असले, तरी त्यांची आस्था मोठी आहे. सासष्टी-बार्देशातील लग्नांत वॉल्ट्झ आणि फॉक्सट्रॉट पाहत वाढलेल्या माणसाला आइस डान्स, म्हणजे जोडीने बर्फावर करायचे नृत्य, परका वाटत नाही, कारण या प्रकारातील ठरीव नृत्ये बॉलरूममधूनच बर्फावर आली. मालिकेच्या सहापैकी चार स्पर्धा झाल्या, की या प्रेक्षकांत दर वर्षी एकच हिशेब सुरू होतो : अमुक जोडीला अंतिम स्पर्धेसाठी चोवीस गुण पुरतील का? हा हिशेब ज्या नियमांवर उभा आहे, ते एका दिवसात घडलेले नाहीत आणि त्यांतील एका नियमाबद्दलचे मतभेद अजून मिटलेले नाहीत.

मालिका १९९५ च्या हंगामात पाच स्पर्धांनिशी सुरू झाली. पुढच्याच वर्षी रशियातील स्पर्धा जोडली गेल्याने त्या सहा झाल्या आणि हा आकडा तेव्हापासून टिकून आहे. ग्रां प्री हे नाव १९९८ च्या हंगामापासूनचे आहे. २००३ मध्ये जर्मनीतील स्पर्धेची जागा चीनने घेतली. सुरुवातीच्या वर्षांत अंतिम स्पर्धा कधी डिसेंबरात, कधी थेट फेब्रुवारी-मार्चमध्ये होई. २००३ पासून ती डिसेंबरातच भरते, त्यामुळे शेवटची पात्रता स्पर्धा आणि अंतिम स्पर्धा यांच्यात फारसा अवकाश उरत नाही.

त्या पहिल्या काळातील गुणपद्धती लक्षात घेतल्याशिवाय आजचा वाद उलगडत नाही. सहा गुणांच्या जुन्या पद्धतीत परीक्षकाने दिलेला ५.८ हा आकडा कोणतेही स्वतंत्र माप नव्हता. त्याच दिवशी, त्याच बर्फावर उतरलेल्या जोड्यांचा क्रम लावण्यापुरताच त्याचा अर्थ होता. कॅनडात मिळालेले ५.८ आणि जपानमध्ये मिळालेले ५.८ एकत्र करून काही सिद्ध होत नसे. म्हणून एका स्पर्धेतून दुसरीत नेता येईल अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे क्रमांक. २००२ च्या साल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमधील परीक्षकांच्या मतांच्या कथित सौद्याच्या प्रकरणानंतर ही पद्धत मोडीत निघाली आणि २००३ च्या हंगामात नव्या गुणपद्धतीचा वापर या मालिकेत सुरू झाला. आता प्रत्येक लिफ्टला (जोडीदाराला उचलणे), प्रत्येक ट्विझलला (एका पायावर पुढे सरकत घेतलेल्या गिरक्या) स्वतःची किंमत आली आणि स्पर्धेअखेर जोडीच्या हाती एकूण गुणांचा आकडा पडू लागला. पुढे आइस डान्सची रचनाही बदलली. २०१० मध्ये सक्तीचे नृत्य आणि मूळ नृत्य जाऊन पहिल्या टप्प्यात शॉर्ट डान्स आला, तर २०१८ पासून त्याला रिदम डान्स म्हणू लागले. पात्रतेचा पाया मात्र क्रमांकावरच राहिला.

सध्याच्या कोष्टकानुसार आइस डान्समध्ये पहिल्या सहा क्रमांकांना अनुक्रमे १५, १३, ११, ९, ७ आणि ५ गुण मिळतात. एकेरीत सातव्या व आठव्यालाही थोडे गुण आहेत, येथे ते नाहीत. एका जोडीला जास्तीत जास्त दोन स्पर्धा मिळतात आणि दोन्हींची बेरीज करून पहिल्या सहा जोड्या अंतिम स्पर्धेला जातात. तेथे पुन्हा सर्व जण शून्यापासून सुरुवात करतात.

दोन जोड्यांची बेरीज सारखी झाली, तर प्रथम पाहिला जातो तो दोन स्पर्धांतील सर्वोत्तम क्रमांक. तोही सारखा असेल, तरच परीक्षकांनी दोन्ही स्पर्धांत दिलेल्या एकूण गुणांची बेरीज विचारात येते. वादाचे मूळ या क्रमात आहे. एक विजय आणि एक चौथा क्रमांक मिळून २४ होतात, दुसरा आणि तिसरा मिळूनही २४ होतात, पण पुढे जाते ती विजयवाली जोडी, मग दुसऱ्या जोडीचे एकूण गुण कितीही अधिक असोत. २२ गुणांवर तर तीन वाटा एकत्र येतात : पहिला व पाचवा, दुसरा व चौथा, आणि दोनदा तिसरा. त्यांचा क्रमही याच ओळीने लागतो. म्हणजे दोन्ही वेळा पदक घेणारी जोडी या तिघांत शेवटची ठरते.

हाच नियम वरच्या टोकाला लावला, तर त्याचा परिणाम आणखी ठळक दिसतो. एक विजय आणि एक तिसरा क्रमांक, म्हणजे २६ गुण, ज्या जोडीच्या हाती असतील तिचा प्रवेश पक्का असतो. तिच्या वर किंवा तिच्या बरोबरीला यायचे तर निदान एक विजय हवा, आणि स्पर्धा सहाच असल्याने अशा जोड्या सहांहून अधिक होऊच शकत नाहीत. दोनदा दुसरी आलेल्या जोडीचेही २६ च होतात, परंतु तिला ही हमी नाही. सहा स्पर्धांचे सहा वेगवेगळे विजेते निघाले आणि त्यांतील प्रत्येक जण दुसऱ्या स्पर्धेत निदान तिसरा आला, तर दोन रौप्यपदके घेऊनही ती जोडी घरी बसेल. असे प्रत्यक्षात घडणे दुर्मीळ आहे, पण नियमाचा कल कोणीकडे आहे हे त्यातून स्पष्ट होते.

या नियमाच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद हलका नाही. भजनी स्पर्धेची एक फेरी पेडण्यात आणि दुसरी काणकोणात वेगवेगळ्या परीक्षकांपुढे झाली, तर एकीकडचे ८२ आणि दुसरीकडचे ७९ एकाच तराजूत घालायला कोणताही जाणता बुवा तयार होणार नाही. आइस डान्समध्येही परीक्षक मंडळ स्पर्धेगणिक बदलते आणि घटकांची पातळी ठरवणारे तांत्रिक मंडळ कुठे सढळ, कुठे काटेकोर असते. क्रमांक हा निदान एकाच मंडळाने, समोरासमोरच्या तुलनेतून दिलेला असतो.

तरीही आइस डान्सपुरता हा युक्तिवाद अपुरा पडतो, असे येथे नोंदवणे भाग आहे. एकेरीत एका उडीच्या चुकीने पहिला स्पर्धक सहावा होऊ शकतो. आइस डान्समध्ये तशा उड्या नाहीत, पडणे कमी आहे आणि म्हणून हंगामभर जोड्यांचा परस्पर क्रम सहसा फारसा हलत नाही. अशा प्रकारात विजय मिळणे हे बऱ्याच अंशी त्या आठवड्यात समोर कोण होते यावर ठरते. दोनदा जगातील अव्वल जोड्यांच्या मागे दुसरी-तिसरी आलेली जोडी ही विरळ मैदानात एकदा जिंकून नंतर चौथी आलेल्या जोडीपेक्षा कमकुवत कशी, याचे समाधानकारक उत्तर या नियमात सापडत नाही.

क्रमांकाची बाजू सर्वांत बळकट दिसली ती २०१५ च्या नोव्हेंबरात. बोर्दो येथील स्पर्धेत शॉर्ट डान्स पार पडला, त्याच रात्री पॅरिसवर दहशतवादी हल्ले झाले आणि दुसऱ्या दिवशीचे फ्री डान्स, म्हणजे स्पर्धेचा दुसरा व मोठा टप्पा, रद्द झाले. काही दिवसांनी आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने शॉर्ट डान्सअखेरचा क्रम हाच अंतिम निकाल मानला आणि त्यावर पात्रतेचे गुण दिले. तेथे उतरलेल्या जोड्यांकडे एकूण गुणांचा निम्माही आकडा नव्हता. बेरजेला आधी मान असता, तर त्यांची इतरांशी तुलनाच करता आली नसती. फ्री डान्समध्ये मुसंडी मारणाऱ्या जोड्यांवर मात्र त्या निर्णयाने अन्याय झाला, कारण त्यांचे बळ दाखवण्याची वेळच आली नाही.

या साऱ्यामुळे खरे महत्त्व येते ते कोणती जोडी कोणत्या स्पर्धेत उतरेल याच्या उन्हाळ्यात जाहीर होणाऱ्या वाटपाला. जागतिक स्पर्धेतील अग्रस्थानी असलेल्या जोड्यांना दोन स्पर्धांची खात्री असते आणि त्यांना सहा ठिकाणी विभागले जाते. यजमान देशालाही स्वतःच्या जोड्या उतरवता येतात. जगात सातव्या ते बाराव्या स्थानांदरम्यान असलेल्या जोडीचे भवितव्य, ती कोणत्या दोन ठिकाणी गेली, यावर पुष्कळसे ठरून जाते.

अलीकडच्या वर्षांनी हे वाटपही अस्थिर केले. २०२० मध्ये साथीमुळे ज्या स्पर्धा झाल्या, त्या मुख्यतः स्थानिक स्पर्धकांपुरत्या राहिल्या, पात्रतेचे गुण दिले गेले नाहीत आणि बीजिंगची अंतिम स्पर्धा रद्द झाली. २०२१ मध्ये सहाही स्पर्धा होऊन पात्र जोड्या ठरल्या, पण जपानच्या प्रवेशबंदीमुळे ओसाकाची अंतिम स्पर्धा भरलीच नाही. मार्च २०२२ मध्ये रशिया व बेलारूसच्या स्केटरांना मज्जाव झाला. २०२१ ची जागतिक विजेती जोडी रशियाचीच होती, त्यामुळे वरच्या रांगेतील जागा मोकळ्या झाल्या आणि रशियातील स्पर्धा फिनलंडला गेली. त्यानंतर तुरीन, बीजिंग आणि ग्रेनोबल येथे भरलेल्या अंतिम स्पर्धांकडे पाहताना जुन्या हंगामांतले उंबरठे तसेच्या तसे लावणे योग्य नाही.

ज्या जोडीच्या दोन्ही स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच संपतात, तिला २४ गुण घेऊन शेवटच्या स्पर्धेच्या निकालाची वाट पाहावी लागते. सातवी आली तरी तिचे नाव राखीव यादीत अग्रभागी राहते आणि पहिल्या सहांपैकी कोणी माघार घेतल्यास निमंत्रण तिलाच जाते.